बास माशाचें पंचांग

गळ टाकून तासन् तास पाण्याकडे पाहत बसणाऱ्या मनुष्याची थट्टा कोणत्या देशांत होत नाहीं? घरच्या मंडळींना तो आळशी वाटतो, शेजाऱ्यांना विक्षिप्त वाटतो. आणि संध्याकाळीं तो रिकाम्या हातानें परतला म्हणजे, बाजारांतून मासा आणला असता तर दिवस तरी वांचला असता, असा हिशेबहि त्याला ऐकावा लागतो. पण या निवांत दिसणाऱ्या मनुष्याच्या मनांत त्या वेळीं काय चाललेलें असतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. पाणी आज किती ऊन आहे, काल रात्रीं वारा कोणत्या दिशेचा होता, पाण्याखालचें गवत जिवंत आहे कीं कुजलें आहे, आणि या साऱ्यावरून मासा या घटकेला कोठें असेल, असा तर्क तो सारखा करीत असतो. ज्याचा तर्क बरोबर, त्याच्या गळाला मासा लागतो.

आज मी आपणांस अशा एका माशाची व एका सरोवराची हकीकत सांगणार आहें. सरोवर अमेरिकेच्या आग्नेय टोकाला, फ्लोरिडा संस्थानांत आहे. त्याचें नांव ओकीचोबी. मासा आहे बास. त्यांतहि मोठ्या तोंडाचा बास. आपणांपैकीं कोणी काठी व दोरी घेऊन तेथें जाईल, अशी माझी अपेक्षा नाहीं. परंतु उष्ण प्रदेशांतील एक उथळ सरोवर, त्यांतला एक मासा आणि त्या माशासाठीं जीव टाकणारीं माणसें यांचें वर्ष कसें जातें हें पाहिलें, म्हणजे पाणी नुसतें साठविणें आणि पाणी जिवंत ठेवणें यांत अंतर कोणतें, तें ध्यानांत येऊं लागतें. आणि हा प्रश्न आपल्या धरणांचा व तळ्यांचाहि आहे.

प्रथम सरोवर पाहूं. ओकीचोबी हा शब्द तेथील मूळ रहिवाशांच्या हिचिटी भाषेंतला. त्याचा अर्थ 'मोठें पाणी'. नांव अगदीं सार्थ आहे. सरोवराचा विस्तार सुमारें ७३० चौरस मैल. या तीरावर उभें राहिलें तर पलीकडचा तीर दिसत नाहीं. मात्र खोली सरासरीनें अवघी ९ फूट! आपल्या जुन्या वाड्यांतल्या विहिरी याहून कितीतरी खोल असत. एखाद्या विस्तीर्ण परातींत चार बोटें पाणी ओतावें, तसें हें सरोवर आहे. परात थोडी हलली तरी पाणी गढूळ होतें, थोडें पाणी वाढलें तरी कांठ बुडतात, आणि थोडें आटलें तरी मैलोगणती तळ उघडा पडतो. ही गोष्ट आपण लक्षांत ठेवूं. कारण पुढची सारी कथा तिच्यावरच उभी आहे.

सरोवर २७ अक्षांशावर, म्हणजे आपल्याकडील आग्रा-जयपूरच्या रेषेंत येतें. तेथें पाणी कधीं गोठत नाहीं. ऋतु मुख्यतः दोन : नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत कोरडा, आणि तेथून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी. उत्तरेकडून किसिमी नदी त्यांत येऊन मिळते. पश्चिमेच्या कांठाला दूरवर दलदल पसरलेली आहे. तेथें लव्हाळे आणि पाणकणसें उभीं असतात, आणि त्यांच्या पलीकडे पाण्याखालीं फितीसारख्या लांब पानांचें गवत डोलत असतें. त्याच पाण्यांत हायड्रिलाहि आहे. शाळेंत परीक्षानळी उपडी घालून प्राणवायूचे बुडबुडे ज्या वनस्पतीपासून मिळवितात, तीच ही हायड्रिला. मत्स्यपात्रांत शोभा म्हणून ती १९५० नंतरच्या दशकांत लंकेहून फ्लोरिडांत नेली गेली; तेथून ती सुटली आणि तळीं-कालवे व्यापून बसली. नावाड्यांना तिचा उपद्रव होतो, पण बासला मात्र तिच्या सावलींत चांगलें घर मिळालें.

आतां मासा. बासची पाठ हिरवट, पोट पांढुरकें, आणि कुशीवरून डोक्यापासून शेंपटीपर्यंत गेलेला एक काळसर पट्टा. तोंड इतकें मोठें कीं मिटलें असतां जबड्याचें टोंक डोळ्याच्याहि मागें जातें. हा मासा भक्ष्याचा फार लांबवर पाठलाग करीत नाहीं. गवताच्या किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला तो दबा धरून राहतो, आणि एखादा लहान मासा, बेडूक किंवा झिंग्यासारखा क्रेफिश समोरून जाऊं लागला कीं एकदम तोंड उघडतो. त्यासरशीं पाणी आंत ओढलें जातें, व पाण्याबरोबर भक्ष्यहि जातें. फ्लोरिडांतला बास उत्तरेकडील बासपेक्षां मोठा वाढतो. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनांत तर त्याला निराळ्या जातीचें स्थान देण्यांत आलें आहे. या माशांत मादी मोठी व नर लहान. नर सोळा इंचांच्या पुढें सहसा जात नाहीं. मादी बावीस इंचांहूनहि लांब होते, आणि पांचव्या वर्षीं तिचें वजन नराच्या दुप्पट भरूं शकतें. म्हणून छायाचित्रांत दिसणारा तो दहा पौंडांचा 'राजा' वस्तुतः राणी असते, आणि तिचें वय दहा वर्षांच्या आसपास असतें.

मासा हा शीतरक्त प्राणी. आपल्या देहाची ऊब आपण आंतून राखतों. माशाला पाणी देईल तीच ऊब. म्हणून पाण्याची उष्णता हेंच त्याचें पंचांग. तें पंचांग आपण आतां एकेक पान उलटून वाचूं.

आपलें वर्ष चैत्रांत सुरू होतें. बासचें वर्ष पौष-माघांत सुरू होतें असें म्हटलें तरी चालेल. डिसेंबर-जानेवारींत ओकीचोबीचें पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या आसपास खेळूं लागलें, म्हणजे बास खोल पाणी सोडून कांठच्या दलदलीकडे सरकतात. उत्तरेकडील गांवें बर्फाखालीं असतांना तेथील हौशी मंडळी मोटारीमागें नावा बांधून दक्षिणेकडे येतात, तीं याच सुमारास. पण या दिवसांत एक विघ्न असतें. मधून मधून उत्तरेकडून थंड हवेची लाट येते. आदल्या दिवशीं आकाश ढगाळ, दुसऱ्या दिवशीं तें निरभ्र निळें, आणि वारा बोचरा. उथळ पाणी एका रात्रींत थंड होतें. मासे दाट गवताच्या पोटांत शिरून निश्चल राहतात, आणि काल ज्या ठिकाणीं दहा मासे लागले तेथें आज एकहि लागत नाहीं. नवशिका मनुष्य अशा वेळीं जागा बदलीत सरोवरभर फिरतो. जाणता मनुष्य तेथेंच थांबतो, गवताच्या छपरांतून वजनदार गळ सरळ खालीं सोडतो, आणि आमिष माशाच्या तोंडापाशीं स्वस्थ राहूं देतो. अथवा दोनतीन दिवस ऊन पडण्याची वाट पाहतो. त्याला ठाऊक असतें कीं मासा गेलेला नाहीं, तो फक्त थांबला आहे.

मग विणीचा हंगाम येतो. फ्लोरिडाच्या दक्षिण भागांत तो साधारणतः जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालतो. सारे मासे एकदम विणीला येत नाहींत. लाटेमागून लाट यावी तसे ते येतात. पौर्णिमा व अमावास्या या दिवशीं मोठी लाट येते असा तेथील अनुभवी कोळ्यांचा विश्वास आहे. नर कठीण तळाची, वाऱ्यापासून आडोशाची जागा निवडतो आणि शेंपटीनें चिखल झाडून दोन-अडीच फूट रुंदीची बशीसारखी खोलगट जागा तयार करतो. मादी तेथें येऊन अंडीं घालते आणि निघून जाते. पुढचा संसार सगळा बापाचा. दोन ते चार दिवसांत अंडीं फुटतात, आणि पिलें पोहूं लागल्यावरहि नर कांहीं दिवस त्यांच्या थव्याभोंवतीं घिरट्या घालीत राहतो. आपल्याकडे ज्यांनीं मरळ माशाचीं तांबूस पिलें पाण्याच्या पृष्ठभागाशीं घोळक्यानें वळवळतांना, आणि त्यांच्या खालीं पहारा देणारीं आईबापें पाहिलीं असतील, त्यांना हें दृश्य अपरिचित वाटणार नाहीं.

याच वेळीं बास सर्वांत सहज सांपडतो. स्वच्छ पाण्यांत तीं बशीसारखीं घरें वरून फिक्या वर्तुळांसारखीं दिसतात. त्यांवर आमिष टाकलें कीं नर तें तोंडांत धरतो. भुकेनें नव्हे, तर परक्याला घरांतून हुसकावून लावण्यासाठीं! म्हणजे मनुष्य त्याला त्याच्या लोभानें पकडीत नाहीं, त्याच्या मायेनें पकडतो. नर थोडा वेळ दूर झाला कीं आसपास टपून बसलेले ब्लूगिलसारखे लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. या प्रसंगाकडे मी पुन्हा वळणार आहें.

एप्रिलच्या अखेरीस विणीनें थकलेल्या माद्या दलदलीच्या बाहेरच्या कडेला, किंचित् खोल गवतांत विसावा घेतात. तेथून उन्हाळा सुरू होतो. पाणी पंचाऐंशी ते नव्वद अंशांपर्यंत तापतें. येथें एक साधा भौतिक नियम आड येतो : पाणी जितकें ऊन, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. दहा अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो, तर तीस अंशांच्या पाण्यांत साडेसात मिलिग्रॅमच. उलट माशाच्या शरीराची गरज ऊन पाण्यांत वाढते. म्हणजे खर्च वाढला आणि उत्पन्न घटलें, अशी गृहस्थाची ओढाताण व्हावी तशी त्याची होते. म्हणून उन्हाळ्यांत बास पहांटे आणि तिन्हीसांजेला चरतो. दिवसभर तो दाट गवताच्या छपराखालीं, सावलींत, किंवा जेथें पाणी थोडें वाहतें अशा कालव्यांच्या तोंडाशीं राहतो. त्या वेळीं पहाटेच्या धूसर उजेडांत पाण्यावरून उड्या मारीत जाणारा रबरी बेडूक ओढीत नेला, तर त्याखालचें पाणी एकाएकीं फुटतें. तो आवाज ज्यानें एकदां ऐकला, त्याला पुढें पहाटेची झोंप गोड लागत नाहीं असें म्हणतात. दुपारीं मात्र मेघगर्जनेसह वादळें येतात, आणि मोकळ्या सरोवरावर नाव घेऊन राहणें जिवावरचें असतें. शहाणा मनुष्य दहाच्या आंत कांठाला लागतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाणी निवूं लागतें. पावसानें सरोवर भरलेलें असतें, आणि शॅड नांवाच्या लहान रुपेरी माशांचे थवे मोकळ्या पाण्यांत फिरत असतात. त्यांच्या मागें बासहि टोळ्यांनीं निघतात. पाण्यावर पक्षी घिरट्या घालूं लागले, म्हणजे खालीं शिकार चालू आहे असें समजावें. हिवाळ्यासाठीं अंगांत मेद सांठविण्याचा हा काळ. आणि तेथून चक्र पुन्हा डिसेंबरशीं येऊन मिळतें.

असें हें पंचांग. तें ज्याला वाचतां येतें त्याला मासा मिळतो, हें खरें. परंतु वाचतां येणें हीच एक अडचण होऊन बसते. कारण सर्वांत मोठी मादी सर्वांत सोपी केव्हां सांपडते, तर तिच्या पोटांत अंडीं असतात तेव्हां. आपल्या कोंकणांत मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे ओढ्यांतून वर चढणारे 'चढणीचे मासे' धरण्यास सारा गांव लोटतो, त्यांतली गोष्टहि हीच आहे. पोटभर अंडीं असलेला मासा चवीला उत्तम आणि धरावयास सोपा. पण त्याच्याबरोबर पुढील वर्षाचे मासेहि टोपलींत येतात. उलट आपला कोळी पावसाळ्यांत नाव किनाऱ्यावर ओढून ठेवतो, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मग ती पाण्यांत लोटतो. त्या रूढींत वादळाचें भय आहेच, पण त्याबरोबर माशांना वीण पुरी करावयास मिळणारा अवकाशहि आहे.

ओकीचोबीवर विणीच्या काळांत मासेमारी बंद नसते. तेथील वीण चारचार महिने चालते, म्हणून सरकारनें दुसरा मार्ग धरला आहे. १ जुलै २०१६ पासून फ्लोरिडांत एका मनुष्यानें दिवसांत पांचच बास ठेवावेत, आणि त्यांत सोळा इंचांचा किंवा त्याहून मोठा एकच असावा, असा नियम आहे. मोठा मासा म्हणजे मादी, हें आपण पाहिलेंच. तेव्हां हा नियम कोणाचें रक्षण करतो हें उघड आहे. २०१२ पासून तेथें आणखी एक योजना चालू आहे : आठ पौंडांच्या वरचा बास पकडून, त्याचें वजन व छायाचित्र नोंदवून, जो तो जिवंत सोडून देईल, त्याला मानाचें पत्रक व बक्षीस मिळतें. पूर्वीं मोठेपणाचा पुरावा म्हणजे भिंतीवर टांगलेला भुसा भरलेला मासा असे; आतां तो मासा पाण्यांत असून पुरावा कागदावर राहतो.

सोडण्याचीहि एक रीत आहे. हात ओले करून मासा धरावा, म्हणजे त्याच्या अंगावरचें बुळबुळीत संरक्षक आवरण निघत नाहीं. वजनदार मादीला नुसत्या जबड्याला धरून उभें लोंबकळवूं नये; दुसरा हात पोटाखालीं द्यावा. ती पाण्याबाहेर असते तोंवर तिचा श्वास कोंडलेला असतो, हें ध्यानांत ठेवून छायाचित्राचा सोहळा क्षणांत उरकावा. आणि घरट्यावरचा नर धरलाच, तर त्याला तेथल्या तेथें, लगेच सोडावें. उन्हाळ्यांत तर ही घाई दुप्पट करावी, कारण ऊन पाण्यांत दमलेला मासा सांवरत नाहीं.

एवढें केलें म्हणजे मासा राहील काय? येथें आपण आरंभीं लक्षांत ठेवलेल्या त्या परातीकडे परत येतों.

१६ सप्टेंबर १९२८ च्या रात्रीं एका भयंकर चक्रीवादळानें ओकीचोबीचें पाणी दक्षिण कांठावरून लोटून दिलें. त्या वेळचे चिखलाचे बांध टिकले नाहींत, आणि किमान २,५०० माणसें मेलीं. त्यांतलीं बहुतेक शेतांत राबणारीं गरीब कृष्णवर्णी माणसें होतीं. त्यानंतर सरोवराभोंवतीं मोठा बांध घालण्यांत आला. आज तो सुमारें १४३ मैल लांबीचा असून त्याला हर्बर्ट हूवर यांचें नांव आहे. माणसांचे प्राण वांचविण्यासाठीं तो बांध आवश्यक होता, यांत वाद नाहीं. पण त्या दिवसापासून सरोवराची पातळी निसर्गाच्या हातून निघून माणसाच्या हातीं आली. दक्षिणेच्या ऊंसवाल्यांना दुष्काळासाठीं पाणी राखून ठेवावयास हवें असतें, शहरांना तें पिण्यासाठीं हवें असतें, बांधाच्या रक्षकांना तें फार वाढावयास नको असतें, आणि जास्त झालेलें पाणी सोडलें तर दोन्ही किनाऱ्यांवरच्या खाड्या नासतात म्हणून तेथील लोक तक्रार करतात. या भांडणांत माशाच्या बाजूनें कोण बोलणार?

बासला खरें पाहतां पाणी नको असतें, गवत हवें असतें. गवतांत अंडीं सुरक्षित राहतात, पिलांना खाणें व लपण मिळतें, आणि मोठ्यांना दबा धरावयास जागा मिळते. गवताला प्रकाश लागतो. पातळी फार दिवस उंच राहिली तर प्रकाश तळाशीं पोंचत नाहीं, आणि गवत मरतें. २००४ सालीं फ्रान्सेस व जीन, आणि २००५ सालीं विल्मा, अशीं वादळें या सरोवरावरून गेलीं. तळाचा चिखल वर उसळला, पाणी कित्येक महिने गढूळ राहिलें, पाण्याखालचीं कुरणें नाहींशीं झालीं, आणि बासचीं नवीं पिलें दिसेनाशीं झालीं. सरोवर कांठोकांठ भरलें होतें, पण तें रिकामें होतें.

मग अवर्षण आलें. २ जुलै २००७ रोजीं पाणी समुद्रसपाटीपासून ८.८२ फुटांवर उतरलें. एरवीं तें बारा ते सोळा फुटांच्या दरम्यान असतें. नावा चिखलांत रुतल्या, आणि गळवाल्यांवर पोट भरणाऱ्या गांवांतले धंदे बसले. मासेमारी संपली, असेंच त्या उन्हाळ्यांत पुष्कळांना वाटलें. परंतु उघड्या तळावर ऊन पडलें. कुजका गाळ यंत्रांनीं खरवडून काढण्यांत आला, आपल्याकडे उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ काढतात तसा. चिखलांत निजलेलें बीं उगवलें. पुढल्या वर्षीं ऑगस्टांत फे नांवाच्या वादळानें सुमारें चार फूट पाणी चढविलें, तेव्हां तें नव्या हिरवळीवर चढलें. आणि पुढील दोनतीन वर्षांत बासहि परत आले. हा धडा विसरला गेला नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें तेथील लष्करी अभियंत्यांनीं सरोवराची पातळी हेतुपुरस्सर उतरविण्यास आरंभ केला, तो पाण्याखालच्या मेलेल्या गवताला पुन्हा ऊन मिळावें म्हणूनच. पाणी उतरलें म्हणजे नाव नेतां येत नाहीं, हें गळवाल्याला ठाऊक असतें. तरीहि पाणी उतरवा असें म्हणणाऱ्यांत गळवाले असतात, हें मला विशेष वाटतें. स्वतःचा एक हंगाम बुडवून पुढचे हंगाम मागणारा मनुष्य आळशी नव्हे, आणि विक्षिप्तहि नव्हे.

श्रोतेहो, भरलेलें तळें पाहिलें कीं आपलें मन भरून येतें. पावसाळ्याच्या अखेरीस धरण किती टक्के भरलें, हें वाचून आपण समाधान पावतों. आणि तें रास्तच आहे, कारण आपली तहान त्यावर भागते. पण तळें जिवंत आहे कीं नाहीं, याचें उत्तर त्या आंकड्यांत नसतें. तें कांठच्या गवतांत असतें, गवतांतल्या पिलांत असतें, आणि पाण्याच्या चढण्याइतकेंच त्याच्या उतरण्यांतहि असतें. पुढें केव्हां एखाद्या तळ्याच्या कांठीं गळ टाकून बसलेला कोणी दिसला, तर त्याची थट्टा करण्यापूर्वीं त्याच्याजवळ जाऊन, गवत यंदा कसें आहे, एवढेंच विचारावें. तो खरा जाणता असेल, तर माशाचें नांव काढण्याआधीं तो आपणांस पाण्याची हकीकत सांगेल.